रविवारी संध्याकाळी मेस बंद असते: शिष्यत्वाच्या सोबतीत या चुका टाळा

दर जूनमध्ये पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, नवे चेहरे दिसतात. कुणी नगरकडून शिकायला आलेलं, कुणी जालन्याहून चाकणच्या कंपनीत लागलेलं. पहिल्या रविवारी स्वागत होतं, नंबर घेतला जातो, ग्रुपमध्ये नाव पडतं. दिवाळी येते तेव्हा त्यातले काही जण उपासनेला दिसेनासे झालेले असतात आणि ते कधी थांबले हे कुणालाच सांगता येत नाही.

अशा नव्या माणसाला येशूच्या मागे चालायला शिकवत त्याच्यासोबत राहणं, ही शिष्यत्वाची सोबत. बायबलमध्ये मार्क ३:१४ वाचा. येशूने बारा जणांना नेमलं, त्याचं पहिलं कारण त्यांनी त्याच्याबरोबर असावं हे आहे. उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं. आपण नेमका हा क्रम उलटा करतो.

सोबतीचा वर्ग करणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. वह्या, बारा आठवडे, शेवटी प्रमाणपत्र. अभ्यासक्रम संपतो तसा संबंधही संपतो. त्यासाठी वेगळा तास काढू नका. जे तुम्ही एरवी करताच, त्यात त्या माणसाला सामील करून घ्या. मंडईत जाणं, आजारी माणसाला भेटायला ससूनला जाणं, घरची कुटुंबप्रार्थना.

पुण्यात यासाठी एक सोपी वाट आहे. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलं त्या रात्री वडापाववर भागवतात. त्यांना जेवायला बोलवा. दर रविवारी जमणार नसेल तर महिन्यातून दोनदा, पण रविवार ठरलेले असू द्या. वरण-भात आणि एक भाजी पुरे. बिर्याणीचा घाट घातला की आलेला माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला आपण साधं ताटही उचलू देत नाही. त्यापेक्षा मेथीची जुडी पुढ्यात ठेवा.

हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. जुडी अर्धी निवडून झालेली असते आणि जेवायला आलेली मुलगी खाली बघतच म्हणते, "ताई, दोन महिने झाले, मी प्रार्थनाच केली नाही."

ऐकण्याआधी वचन सांगणं

अशा वेळी ओठांवर लगेच एखादं वचन येतं. ते थोडं थांबवा. लूक २४ मध्ये अम्माऊसच्या सुमारे अकरा किलोमीटरच्या वाटेवर येशू त्या दोघांना आधी विचारतो की तुम्ही काय बोलत चालला आहात. घडलेलं सगळं त्याला ठाऊक असतं, तरी तो त्यांना पूर्ण सांगू देतो. शास्त्र उलगडतो ते त्यानंतर, आणि त्यांना त्याची ओळख पटते ती जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना.

म्हणून विचारा, "कधीपासून? तेव्हा काय झालं होतं गं?" आणि मेथी निवडत राहा. मग कळतं की पूर्वपरीक्षेचा निकाल लागला होता, किंवा गावाकडे वडिलांचं कर्ज थकलंय. अशा मुलीला रोज पहाटे तासभर प्रार्थनेला बस म्हणून सांगू नका. सहा कॉटच्या खोलीत पहाटे दिवाही लावता येत नाही. बसमध्ये वाचता येईल असं एक छोटं स्तोत्र सुचवा. निघताना दारातच तिच्यासोबत दोन मिनिटं प्रार्थना करा.

तिला वाचायची इच्छा असेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या. त्याचे अध्याय एकूण सोळा, आठवड्याला एक, म्हणजे साधारण चार महिने. आळीपाळीने मोठ्याने वाचा आणि तीनच प्रश्न ठेवा: येशूविषयी काय दिसलं, काय खटकलं, या आठवड्यात काय करायचं. पुढच्या भेटीची सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करा, नाहीतर वाचन वाचनच राहतं. तासाभराच्या भेटीत चाळीस मिनिटं तुम्हीच बोलत असाल, तर घड्याळ समोर ठेवा.

खूप जणांना हाती धरणं

एका माणसाला दोघं-तिघं झेपतात. त्यापुढे नुसती हजेरी घेतली जाते. चाकण-भोसरीकडच्या मुलांच्या पाळ्या बदलत राहतात; भेट ठरवताना पाळीचा तक्ता विचारा. रात्रपाळीच्या आठवड्यात तो आला नाही म्हणजे त्याचा विश्वास थंड पडला असं नव्हे, तो झोपलेला असतो. सलग दोन रविवार दिसला नाही तर ग्रुपवर न लिहिता फोन करा. आधी "जेवलास का?" विचारा. "उपासनेला का आला नाहीस?" हा प्रश्न त्या फोनवर काढूच नका.

प्रार्थनेच्या नावाखाली गुपित फोडणं

या चुकीने माणूस कायमचा तुटतो. "अमुक मुलीसाठी प्रार्थना करा, घरी फार अडचण आहे" असं कुणी कळकळीनेच लिहितं. पण आपल्याकडे निम्मी मंडळी एकमेकांची सोयरी, रात्रीपर्यंत बातमी तिच्या गावी पोचते. आधी तिला विचारा, "हे पाळकांना, म्हणजे पास्टरना, सांगू का?" ती नको म्हणाली तर नको.

एक अपवाद आहे आणि तो पहिल्याच भेटींत स्पष्ट सांगावा: जिवाला धोका, मारहाण किंवा मुलांवर अत्याचार असेल तर गप्प राहता येणार नाही. अशा वेळी फोन ११२ ला, आणि मुलांसाठी १०९८ ला. दारूचं व्यसन असेल तर प्रार्थनेसोबत उपचारही हवेत. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

चूक दाखवायची तर एकांतात. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने उपदेश करणाऱ्या अपुल्लोला सभास्थानात सर्वांसमोर अडवलं नाही, बाजूला घेऊन समजावलं. आणि बायांनी मुलींसोबत, पुरुषांनी मुलांसोबत चालावं. घरात बसाल तर दार उघडं असू द्या.

पैशांचं थोडक्यात: उसने देऊ नका, जामीन राहू नका. जमेल तेवढे परत न घेण्याच्या बोलीने द्या. खोलीभाड्याएवढी मोठी गरज असेल तर पाळकांमार्फत मंडळीकडे न्या.

मंडळीबाहेरच्या मित्राला विश्वासात आणण्याची घाई करणं

कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो आणखी काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. एकाच घरात एवढा वेळ लागला. तेव्हा ऑफिसातल्या मित्राने विचारलं तर प्रामाणिकपणे सांगा, नाही विचारलं तर मैत्री ठेवा. जेवण, नोकरीची शिफारस, फीची मदत यांचा विश्वासाशी कधीही संबंध जोडू नका. तो नाही म्हणाला तरी दुसऱ्या दिवशीचा चहा चुकवू नका.

आपल्यावाचून अडायला लावणं

वर्षभराने ती प्रत्येक निर्णयाला तुम्हाला फोन करत असेल, तर कुठेतरी तुमचंच चुकलंय. उत्तर देण्याआधी विचारा, "तुला काय वाटतं? वाचताना काय दिसलं?" कुटुंबप्रार्थना एकदा तिला चालवू द्या, अडखळली तरी मध्ये बोलू नका. जूनमध्ये मंडळीत नवी मुलगी आली की तिला जेवायला बोलवण्याचं काम हिच्याकडे द्या. मेथी त्या दोघींना निवडू द्या, तुम्ही आत जाऊन भात लावा.