झोप, स्वप्न, निद्रानाश यांवर कलाप्रकल्प करताय? या चुका टाळा

कला महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी झोप, स्वप्न आणि निद्रानाश हे विषय पुन्हापुन्हा निवडले जातात. विषय सगळ्यांच्या जवळचा असतो, साहित्य घरातच सापडतं आणि संदर्भचित्रांना तोटा नाही. तरीही ज्युरीच्या, म्हणजे परीक्षक काम बघायला येतात त्या दिवशी भिंतीवर बहुतेकदा तेच दिसतं: चंद्रकोर, मिटलेला डोळा, वितळणारं घड्याळ, डोक्यातून बाहेर पोहत जाणारे मासे. हात तयार असतो, रंगकाम स्वच्छ असतं, पण काढणाऱ्याची स्वतःची एकही रात्र त्यात नसते. या विषयातल्या बहुतेक अडचणींचं मूळ मला इथेच दिसतं. झोपेची चित्रं आपण आठवणीतून काढतो, झोप प्रत्यक्ष बघायला मात्र बसत नाही.

तिन्ही विषय एकाच बोर्डवर

झोप बाहेरून दिसते. स्वप्न फक्त पाहणाऱ्याला दिसतं आणि जाग आल्यावर त्याची नुसती आठवण उरते. निद्रानाशात अंथरूण असतं, वेळ असतो, अंग थकलेलं असतं, फक्त झोप येत नाही. मोबाइल बघत दोन वाजवले तर ते जागरण झालं. आठवड्यातून किमान 3 रात्री आणि सलग 3 महिने झोपेची तक्रार राहिली, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. हा फरक स्पष्ट नसेल तर कॉन्सेप्ट नोटमध्ये एक असतं आणि चित्रात दुसरंच येतं.

तिन्हींतलं एक निवडा. मग माध्यम त्यातूनच सुचतं. लुईज बुर्ज्वा या शिल्पकर्तीने नोव्हेंबर 1994 ते जून 1995 या काळात झोप न येणाऱ्या रात्री 220 रेखाटनं केली. त्यांत जागरणाचं प्रतीक म्हणून घड्याळ काढत बसण्याची गरजच पडली नाही, कारण रेषाच त्या रात्रींमध्ये ओढलेल्या होत्या. सोफी काल या फ्रेंच कलाकार स्त्रीने 1979 साली पॅरिसमध्ये ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना आपल्या पलंगावर पाळीपाळीने झोपायला बोलावलं. 8 दिवस तो पलंग असा वापरात होता आणि ती फोटो काढत, टिपणं लिहीत राहिली. व्हॅन गॉगने 1888 मध्ये आर्लमधली आपली खोली रंगवली, ती तर रिकामी आहे. विश्रांतीचा भाव नुसत्या रंगांतून यावा, असं त्याने भावाला पत्रात लिहिलं होतं. एकीचं काम जागेपणाचं, दुसरीचं झोपलेल्यांचं, तिसऱ्याचं विश्रांतीचं. प्रत्येकाची पद्धत विषयाला घट्ट चिकटलेली आहे, म्हणून ही कामं टिकली.

"मला स्वप्नंच आठवत नाहीत"

ही तक्रार बहुतेक वेळा सवयीमुळे असते. गजर वाजतो, हात मोबाइलकडे जातो, दोन मेसेज वाचले की स्वप्न गेलं. ज्या झोपेत डोळ्यांची बुबुळं पापण्यांखाली भराभर हलतात, ती 1953 मध्ये शिकागोत आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. सर्वांत जिवंत स्वप्नं त्याच टप्प्यात पडतात. साधारण 90 मिनिटांच्या चक्रात हा टप्पा येतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. म्हणून रात्री तीनला मुद्दाम उठण्यात अर्थ नाही. झोप पूर्ण होऊ द्या आणि सुट्टीच्या दिवशी गजराशिवाय उठा.

जाग आल्यावर कुशीसुद्धा बदलू नका. डोळे मिटूनच स्वप्नाचा शेवटचा तुकडा धरा आणि तिथून मागे जा. उशाशी पेन्सिल आणि जाड कागदाची वही ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आधी लिहू नका, काढा: जागा कोणती होती, उजेड कुठून येत होता, तुम्ही कुठे उभे होतात. शब्द नंतर. शब्द आधी आले की आपण नकळत गोष्ट जुळवू लागतो आणि स्वप्नातली भोकं बुजवून टाकतो. त्या भोकांनाच तर जपायचं असतं.

पुढची चूक जास्त खोल आहे. स्वप्नाळू म्हणजे धूसर, जांभळं, धुक्यातलं असं धरूनच काम सुरू होतं. तुमची वही पुन्हा वाचा. घर आपलंच असतं, फक्त खिडकीबाहेर मामाच्या गावची विहीर असते. आजी बोलत असते आणि तिचं वय आईइतकं असतं. यात धुकं कुठेच नाही. सगळं लख्ख असतं, फक्त जोडणी चुकलेली असते. आँरी रूसोने 1910 च्या 'स्वप्न' या चित्रात जंगलाच्या मधोमध सोफा ठेवला आणि पान न् पान कोरून काढलं. भारहुतच्या स्तूपावरचं, बुद्धाची आई मायादेवी हिच्या स्वप्नाचं दगडात कोरलेलं गोल पदक कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. राणी निजलेली, भोवती दासी, आणि वर हत्ती. तो ढगात नाही, फुग्यात नाही. दासी जितक्या भरीव आहेत तितकाच तोही भरीव आहे. अजिंठ्याला गेलात तर 2 नंबरच्या लेण्यात हाच प्रसंग रंगात बघता येईल, आणि 26 नंबरच्या लेण्यात आडव्या बुद्धापुढे थोडा वेळ बसून रेखाटन करा. आडवं शरीर कसं तोलायचं, हे तिथे जितकं कळतं तितकं पिंटरेस्टवर कळणार नाही.

छातीवर कुणीतरी बसलंय, हात हलत नाही, ओरडता येत नाही, हा अनुभव काही जणांना येतो आणि ते बिचकत सांगतात. वर सांगितलेल्या टप्प्यात शरीराचे स्नायू जवळजवळ बंद असतात. कधी मन आधी जागं होतं आणि स्नायू मागे राहतात, म्हणून असं होतं. हेन्री फ्यूसेलीने 1781 मध्ये छातीवर बसलेला पिशाच्चासारखा प्राणी रंगवला, तो आजही या अनुभवाशी जोडला जातो. तुम्ही हा विषय घेतलात तर भुताच्या चेहऱ्यावर मेहनत घेऊ नका. वजन दाखवा. दबलेली गादी, ताणलेली चादर आणि न हलणारा तळहात पुरेसे आहेत.

रात्र म्हणजे काळा रंग

बाटलीतला काळा सरळ फासला की चित्र मेलंच. अंधारात डोळा वेगळ्या तऱ्हेने बघतो आणि हा भाग शिकण्यासारखा आहे. खोलीतले सगळे दिवे बंद करून 20 ते 30 मिनिटं बसा, तोवर डोळे अंधाराला पुरते सरावत नाहीत. मग दिसेल की लाल चादर जवळजवळ काळी झाली आहे आणि निळा टॉवेल तिच्यापेक्षा उजळ वाटतो. दिवसा कदाचित उलटं होतं. हा बदल चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याच्या नावाने ओळखला जातो. आणखी एक: फार मंद उजेडात ज्या वस्तूकडे रोखून बघाल ती विरघळते आणि जरा बाजूला नजर टाकली की परत दिसते. डोळ्याच्या अगदी मध्यभागी मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे असं होतं. झोप न येणाऱ्या माणसाला खोली अशीच दिसते, हे चित्रात आणता आलं तर दुसऱ्या कुठल्याही प्रतीकाची गरज उरणार नाही.

मोबाइलचा नाइट मोड हे सगळं पुसून टाकतो. तो रात्रीची संध्याकाळ करतो, लाल पुन्हा लाल दाखवतो. त्या फोटोवरून रंगवू नका. राखाडी कागदावर चारकोल आणि पांढरा खडू घेऊन खोलीतच रेखाटा, फक्त गडद-फिकट बघा. रंग लावताना काळ्याऐवजी अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट अंबर (तपकिरी) मिसळा. प्रमाण बदललं की थंड किंवा उबदार अंधार मिळतो. गडद चित्राला काच लावली तर त्यात ट्यूबलाइट आणि बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो. काच नको, किंवा दिव्याची जागा बदला.

अभ्यास म्हणून जागणं

हे करू नका. रँडी गार्डनर हा 17 वर्षांचा अमेरिकन मुलगा जानेवारी 1964 पर्यंत 11 दिवस जागा राहिला. गिनीजने पुढे असे विक्रम स्वीकारणंच बंद केलं, कारण त्यात धोका आहे. चार रात्री जागून दुचाकीवर कॉलेजला जाणं हा कलेचा भाग नाही. शिवाय ज्याला झोप येतच नाही त्याचा अनुभव तुम्हाला असा मिळणारही नाही. तुम्ही उशीवर डोकं टेकाल आणि झोपाल. सबमिशनच्या आठवड्यात संध्याकाळी पाचचा चहा-कॉफी रात्री दहालाही जवळपास अर्धी अंगात असते, हेही लक्षात असू द्या.

विषय तुमच्याच निद्रानाशाचा असेल आणि तो महिनोन् महिने चालू असेल, तर आधी डॉक्टर, मग प्रकल्प. त्यावर उपचार आहेत, आणि गोळ्यांच्या आधी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती सुचवली जाते. मनावर ताण असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर केव्हाही विनामूल्य बोलता येतं. मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना सांगा की हे काम तुम्हाला जड जातंय. मुदत वाढवून मिळू शकते, विषयाचा कोन बदलता येतो.

झोपलेल्याचा फोटो

फलाटावर, फुटपाथवर झोपलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. त्याच्याकडे दार नाही म्हणून त्याची झोप आपली होत नाही. चेहरा वगळा, किंवा तो जागा झाल्यावर बोला, फोटो दाखवा आणि त्याने नको म्हटलं तर तिथेच पुसा. होस्टेलच्या रूम पार्टनरलाही हाच नियम. घरच्यांनाही.

साहित्याच्या अडचणी

जुनी गादी आणणार असाल तर आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि शिवणी तपासा. ढेकूण गॅलरीत पोचले तर सगळ्यांचेच प्रकल्प अडचणीत येतील. झोपेच्या गोळ्या प्रदर्शनात ठेवू नका, रिकाम्या पट्ट्याही मोजक्याच. गोधडी हे या विषयासाठी फार सुंदर माध्यम आहे, पण आजीची गोधडी आणून नुसती टांगली तर ते काम आजीचंच राहतं. रोज रात्रीची एक ओळ धावदोऱ्याने घाला. जाग आली तिथे दोरा तोडा, झोप लागली तिथून पुन्हा सुरू करा. महिनाभरात तुमच्या झोपेचा नकाशा कापडावर उतरेल.

व्हिडिओ करणार असाल तर ज्युरीकडे पाचेक मिनिटं असतात हे धरून चाला. अँडी वॉरहॉलची 1963 ची झोपेवरची फिल्म पाच तासांहून जास्त आहे, तरी ती एका सलग रात्रीचं चित्रण नाही. त्यात काही तुकडे पुन्हापुन्हा जोडले आहेत. तुमचा व्हिडिओ कुठूनही बघायला सुरुवात केली तरी अर्थ लागेल असा कापा.

स्मार्टवॉचचा आलेख छापून त्याखाली 'माझ्या मेंदूच्या लहरी' लिहिलेलं बरेचदा दिसतं. घड्याळ हातावर असतं. ते हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचा अंदाज बांधतं. मेंदूच्या लहरी मोजायला डोक्यावर इलेक्ट्रोड लागतात. आलेख वापरा, पण त्याला घड्याळाचा अंदाज म्हणा. त्याच्या शेजारी त्याच रात्रीची तुमची वही उघडी ठेवा. घड्याळाने गाढ झोप दाखवली त्या तासाला तुम्ही छताकडे बघत होतात असं निघालं, तर ज्युरीला तेच आधी दाखवा.