अनुवादकाचं आयुष्य मांडायचंय? आधी उभी रेघ मारा

आमच्या वाचनकट्ट्यावर पॉल बोल्स या अमेरिकन कादंबरीकारावर वीस मिनिटं बोलायचं होतं. पहिलं टिपण निव्वळ सनावळी झालं. जन्म १९१०, न्यूयॉर्क. मृत्यू १९९९, मोरोक्कोतलं टँजिअर. मधे चार कादंबऱ्या. आणि शेवटी ‘शिवाय त्यांनी अनुवादही केले’. बायकोनं विचारलं, “शिवाय म्हणजे किती?” मला सांगता येईना.

तेव्हापासून मी फुलस्केपवर उभी रेघ मारतो. डावीकडे स्वतःच्या कादंबऱ्या, उजवीकडे अनुवाद, साल समोरासमोर. बोल्सच्या डावीकडे १९४९ (‘द शेल्टरिंग स्काय’), १९५२, १९५५ आणि शेवटची १९६६. उजवीकडे १९४६ ला फ्रेंच लेखक सार्त्रचं नाटक, मग मोरोक्कन कथनं: १९६४, १९६७, १९७३ आणि पुढेही. डावा रकाना आटतो तिथेच उजवा भरतो.

का, ते हवं असेल तर समासात घरच्या तारखा लिहा. पत्नी जेन, स्वतः लेखिका, १९५७ साली पक्षाघातानं आजारी पडली, १९७३ ला गेली. घरात दुखणाईत माणूस असताना कादंबरीचा धागा धरून ठेवणं अवघड; कुणी टेपवर सांगितलेल्या गोष्टीचा एक तुकडा मात्र उतरवता येतो. हा माझा तर्क आहे, कट्ट्यावरही मी तो तर्क म्हणूनच सांगितला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक अनुवादापुढे लिहा: डोळ्यांनी की कानांनी? बोल्सना मोरोक्कोची बोली अरबी येई, अरबी लिपी वाचता येत नसे. ज्यांची कथनं त्यांनी इंग्रजीत आणली, ते मोरोक्कोचे लार्बी लायाची आणि मोहम्मद म्राबेत लिहिणारे नव्हते. ते टेपरेकॉर्डरसमोर सांगत आणि बोल्स इंग्रजी करत. म्हणजे छापील मूळ पुस्तक नाहीच! मोहम्मद शुक्री मात्र लिहिता-वाचता लेखक. त्याच्या आत्मकथनावर दोघांनी बोली अरबी आणि स्पॅनिशच्या आधारानं काम केलं. इंग्रजी आवृत्ती १९७३ ला आली, अरबी १९८२ ला. ‘आधी मूळ, मग अनुवाद’ हे आपलं गणित इथे उलटं पडतं.

पुढे शुक्रीनं बोल्सवर कडवट लिहिलं. असलं काही सापडलं तर गाळू नका. श्रेय कुणाचं, पैसा कुणाचा, हे प्रश्न अनुवादकाच्या चरित्रात यायलाच हवेत.

बोलताना जन्मापासून सुरुवात नको. मी टेपरेकॉर्डरपासून केली. जन्मसाल कुणी विचारलंच तर कागद हातात असतो.