भाषणाच्या क्लबात जाताय? निदान या चुका तरी टाळा

इंदूरच्या मराठी घरांतली माझ्या पिढीची मुलं भाषण करायला शिकली ती 1 ऑगस्टला. टिळक पुण्यतिथी, शेंगांची टरफलं आणि सुरुवातीला "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो". मीही तशीच शिकले. पुढे नोकरीत मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. म्हणून टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेच्या पद्धतीने चालणाऱ्या एका क्लबात जाऊ लागले. त्याला पाच वर्षं झाली. तिथे मी केलेल्या आणि दर नव्या सभासदाला करताना बघते त्या या चुका.

सगळ्यात मोठी चूक पाठांतराची, आणि ती त्या 1 ऑगस्टचीच देणगी. क्लबातल्या पहिल्या भाषणाला आइसब्रेकर म्हणतात. 4 ते 6 मिनिटं, विषय आपण स्वतः. मी चार पानं मराठीत लिहिली, मग त्यांचं हिंदी केलं, कारण आमची सभा हिंदी-इंग्रजीत चालते, आणि आरशासमोर ती पानं घोटली. तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत कोणाचा तरी मोबाइल वाजला आणि माझं एक वाक्य निसटलं. पाठ केलेल्या भाषणात एक वाक्य गेलं की बाकीची त्याच्या मागोमाग जातात. मी सरळ "नमस्कार, माझं नाव..." पासून परत सुरू केलं. लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, ते जास्त लागलं.

आता मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहिते. मधे फक्त खुणा: 'आजोबांची सायकल', 'खजुरी बाजारातली जुनी पुस्तकं', 'पहिली मुलाखत'. सराव उभं राहून, मोठ्याने आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत करायचा. शब्द बदलले तरी गोष्ट हरवत नाही हे दोन-तीनदा अनुभवलं की मधेच फोन वाजला तरी काही बिघडत नाही. ज्या भाषेत बोलायचंय तिच्यातच खुणा लिहा. मराठीत लिहून उभ्या-उभ्या हिंदी करायला गेलात, तर "मेरे को ऐसा लगा की" हमखास येतं.

घड्याळाबद्दल थोडक्यात. नेहमीचं भाषण 5 ते 7 मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. स्पर्धेत साडेचार मिनिटांच्या आत संपवलंत किंवा साडेसातच्या पुढे गेलात तर थेट बाद. 'आता दोनच शब्द' म्हणून दहा मिनिटं घेणारे अध्यक्ष ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे हे जड जातं. पिवळं दिसलं की मधली खूण गाळा आणि शेवटच्या वाक्याकडे वळा. काय गाळलं ते ऐकणाऱ्याला कळतही नाही.

"टायमर? ते काय काम आहे?"

भाषण मिळालं तरच यायचं आणि टायमर किंवा आ-काउंटर केलं तर तब्येत बरी नाही, असे सभासद प्रत्येक क्लबात असतात. आ-काउंटर म्हणजे बोलणाऱ्याचे अडखळ-शब्द मोजणारा. मला ते काम पहिल्यांदा मिळालं तेव्हा अपमान वाटला होता. वहीत रेघा ओढत बसले आणि एका भाषणात 'मतलब' अकरा वेळा मोजला. घरी येऊन स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं. माझे 'मतलब' चौदा होते, वर 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' वेगळेच. इंदूरचा मराठी माणूस एकाच वाक्यात तीन भाषांत अडखळतो! त्यावर उपाय एकच: अडखळ-शब्द ओठांवर आला की तोंड मिटायचं. आपल्याला ती शांतता युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याला श्वासाएवढी.

मूल्यमापनातली चूक मात्र आपल्या संस्कारांतून येते. 2 ते 3 मिनिटांत दुसऱ्याच्या भाषणाबद्दल बोलायचं, आणि समोर वडीलधारे असले तर आपण "खूपच छान, काका" म्हणून मोकळे होतो. आमच्या इथल्या एका निवृत्त काकांच्या भाषणावर मी नेमकं तेच केलं. चहाच्या वेळी ते म्हणाले, "अगं, छान तर आमच्या घरी पण म्हणतात. इथे कशाला येतो मी?" पुढच्या वेळी मी सांगितलं, "बदलीच्या गावाची गोष्ट सांगताना तुम्ही मधे थांबलात, तिथे सगळे पुढे झुकून ऐकायला लागले. पण तुमचा हात खिशातल्या किल्ल्यांशी खेळत होता, त्यांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत येत होता." काकांनी त्या सभेपासून किल्ल्या माझ्याकडे ठेवायला दिल्या. जागा दाखवून बोललं की टीकाही लागत नाही.

पद घेतल्यावर

राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएच्या तळघरात पहिला टोस्टमास्टर्स क्लब भरवला. तरुणांना बोलता यावं एवढाच त्यांचा हेतू नव्हता, सभा चालवताही यावी असं त्यांच्या मनात होतं. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि बायोडेटात लिहायला म्हणून पद घेतात. मी उपाध्यक्ष-शिक्षण झाले, म्हणजे कोणी कधी बोलायचं हे ठरवणारी. पहिले तीन महिने फोन, खुर्च्या, चहा सगळं एकटीने केलं. एका रविवारी ताप आला तर हॉलची किल्ली कोणाकडे असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक भूमिकेला एक बदली माणूस ठरलेला असतो आणि गुरुवारी रात्री सगळ्यांकडून पक्कं करून घेते. तेही नाव घेऊन, एकेकाला फोन करून. ग्रुपवर "टायमर कोण होईल?" असं टाकलं की बावीस जण वाचतात आणि बावीस जण गप्प बसतात.

एक चूक मात्र खास इंदुरी. त्या वर्षी रंगपंचमी रविवारी आली होती आणि मी लॅपटॉपवर बघून सभा लावून टाकली. सगळं शहर गेरसाठी, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी, राजवाड्यावर आणि हॉलमध्ये आम्ही तिघं. त्यात एकाचे कान निळे होते, तो वाटेतूनच आलेला. आम्ही पाऊण तास सभा केली. टायमर मीच होते आणि वक्ताही मीच, त्यामुळे लाल कार्ड मीच मला दाखवलं. आता वेळापत्रक करायला बसले की आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेते.