जुन्या गाडीची ऑइल गळती : सील बदलण्याआधी या चुका टाळा

जुनी मारुती 800 बाळगणाऱ्याला सकाळी गाडी काढल्यावर फरशीवर काळा डाग दिसतो, तेव्हा बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एकतर ‘जुनी गाडी आहे, थोडे गळणारच’ असे म्हणून तो महिनोन्महिने वरून ऑइल ओतत राहतो, नाहीतर गॅरेजमध्ये कोणीतरी खाली वाकून एक नजर टाकतो, ‘क्रँकचा मागचा सील गेला’ (म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी मागची रबरी कडी खराब झाली) असे सांगतो आणि त्याच दिवशी गिअरबॉक्स उतरवला जातो. या दोन्ही गोष्टी टाळण्याजोग्या आहेत. गळती कोठून होते हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले, म्हणजे त्यातली सर्वांत नवी गाडीसुद्धा आता दशकाहून अधिक जुनी झाली आहे. इंजिनातील रबरी सील आणि पॅकिंगे इतकी वर्षे रोज तापून थंड होत राहिली, की त्यांचा लवचीकपणा जातो, ती कडक होतात आणि दाबाखाली पसरून फट बुजवण्याचे त्यांचे मूळ काम त्यांना जमत नाही. शिवाय 796 सीसीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावते. मोठ्या इंजिनात अर्धा लिटर कमी झाले तर फारसे बिघडत नाही, इथे मात्र तो एकूण साठ्याचा सहावा हिस्सा असतो.

थेंब पडतो तेथेच गळती आहे, असे समजणे

ऑइल उतारावरून खाली येते आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, कोपऱ्यातून झिरपणारे ऑइल ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भागाच्या) कडेला जमते आणि पाहणाऱ्याला चेंबरचे पॅकिंग गेल्यासारखे वाटते. शोध नेहमी उलट दिशेने, म्हणजे खालच्या थेंबापासून वर चढत घ्यावा आणि सर्वांत वरची ओली जागा सापडेपर्यंत थांबू नये.

माझ्या 1997 सालच्या गाडीच्या बाबतीत हीच चूक झाली. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडले जातात त्या सांध्याच्या खालच्या कडेला थेंब लटकत असे. गॅरेजमध्ये मागचा क्रँक सील गेल्याचे निदान झाले, गिअरबॉक्स उतरवून सील बदलला गेला, त्याची पूर्ण मजुरी मी दिली आणि पंधरवड्याच्या आत तोच थेंब त्याच जागी पुन्हा दिसू लागला. तेव्हा मी इंजिन स्वच्छ करून खालून वर पाहू लागलो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो. त्याच्या बुडाशी असलेली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, इतकी कडक झाली होती, की बाहेर काढताना तिचे तुकडे झाले. तेथून निघालेले ऑइल गिअरबॉक्सच्या कवचावरून घसरत नेमके त्या सांध्यापाशी येऊन थांबत होते. त्या रिंगची किंमत गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे नगण्य होती. ही रिंग स्वतः बदलणाऱ्यांनी डिस्ट्रिब्युटर सैल करण्यापूर्वी त्याच्या बुडाची जागा आणि आतल्या रोटरची दिशा यांवर खूण करावी, अन्यथा गळती थांबेल पण इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, बिघडेल.

मागचा सील खरोखरच गेला असेल, तर त्याची काही वेगळी चिन्हे असतात. वरचा सगळा भाग कोरडा असूनही सांध्याच्या आतून ऑइल येते, आणि ते क्लचप्लेटपर्यंत पोहोचले तर चढावर क्लच घसरू लागतो. त्या जागी गिअरबॉक्सचे ऑइलही येऊ शकते. ते अधिक दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. बोटावर घेऊन वास पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

मळक्या इंजिनावर शोध घेणे

वर्षानुवर्षांची धूळ आणि ऑइल यांचा थर बसलेल्या इंजिनावर ताजी गळती कोणालाही ओळखता येत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीझर लावून, ब्रशने घासून आणि कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्यावे. डिस्ट्रिब्युटर, कॉईल आणि कार्ब्युरेटरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने आधी बांधून घ्यावे. या कामासाठी पेट्रोल वापरण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, ती अत्यंत धोकादायक आहे. एक ठिणगी पुरते. इंजिन वाळले की संशयाच्या जागांवर टॅल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरावा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी आणि टॉर्चच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरवर ऑइलची पहिली रेघ स्पष्ट उमटते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा ठेवून त्यावर पुढच्या चाकांची जागा आखून ठेवली, तर थेंब इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडतात हेही कळते.

खाली जाऊन पाहायचे असेल तर गाडी स्टँडवर किंवा पिटवर असली पाहिजे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये.

आतला दाब न तपासता सील बदलणे

माझ्या मते ही चूक सर्वांत कमी ओळखली जाते. पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच चेंबरमध्ये उतरतो आणि तो ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीवाटे एअर क्लीनरकडे जाऊन पुन्हा जाळला जातो. ती नळी काजळीने आणि चिकट गाळाने बुजली, पिचली किंवा चुकीच्या जागी जोडली गेली, की आतला दाब वाढतो आणि तो सर्वांत कमकुवत जागेतून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात एक सील नवा बसवला तर गळती दुसऱ्या सीलपाशी सुरू होते आणि मालक सुट्या भागांच्या दर्जाला दोष देत राहतो. म्हणून आधी नळी काढून साफ करावी. त्यानंतर इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) असताना ऑइल भरण्याचे झाकण सावकाश काढून पाहावे. थोडी वाफ आणि किंचित शिंतोडे येणे सामान्य आहे. धुराचे जोरदार ठोके येत असतील तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा आणि सीलवर खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे.

ऑइल प्रमाणाबाहेर भरल्यानेही असाच त्रास होतो. गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहताना गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेलेली हवीत, नाहीतर वर अडकलेले ऑइल हिशेबात येत नाही आणि माणूस उगाच आणखी ओततो.

सिलिकॉनवर विसंबणे आणि बोल्ट आवळत राहणे

टॅपेट कव्हरमधून ऑइल झिरपू लागले की पहिला उपाय म्हणून बोल्ट आणखी आवळले जातात. कडक झालेले पॅकिंग आवळल्याने मऊ होत नाही; उलट पत्र्याचे कव्हर बोल्टाभोवती वाकते आणि मग नवे पॅकिंगसुद्धा नीट बसत नाही. अशा ठिकाणच्या लहान बोल्टला अगदी थोडाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो, जो लहान पान्याने मनगटाच्या जोरावर सहज ओलांडला जातो. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने त्यातले आटे जाण्याची भीती वेगळीच. या कव्हरकडे दुर्लक्षही करू नये, कारण तेथून ओघळलेले ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर धूर येतो आणि आगीचाही धोका असतो.

सिलिकॉन ही उपयुक्त वस्तू आहे, पण ती पॅकिंगची जागा घेत नाही. जुने पॅकिंग तसेच ठेवून बाहेरून फासलेले सिलिकॉन तेलकट पृष्ठभागाला चिकटतच नाही. त्याहून वाईट म्हणजे चेंबर बसवताना त्याची जाड वळी लावली, तर ती दाबली जाऊन आतल्या बाजूलाही फुगते, पुढे तिचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गळती थांबवण्याच्या नादात बेअरिंगे उपाशी राहून इंजिन निकामी होण्याचा हा मार्ग आहे. दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, पूर्ण तेलविरहित करून, दोन-तीन मिलिमीटरची अखंड रेघ द्यावी आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ दिल्यावरच ऑइल भरावे.

नवा सील बसवताना

पुढच्या बाजूचे क्रँक आणि कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) सील टायमिंग बेल्ट उतरवल्यावरच दिसतात. म्हणून बेल्ट बदलण्याची वेळ आली असेल तर हे दोन्ही सील त्याच वेळी बदलावेत; ऑइलने भिजलेला बेल्ट पुसून पुन्हा वापरू नये, कारण ऑइलने त्याचे रबर फुगते आणि कमजोर होते. सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, ऑइलच्या दिशेला असते. सीलच्या ओठावर, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या आतल्या कडेवर, इंजिन ऑइलचे बोट फिरवावे आणि सील एका बाजूने ठोकण्याऐवजी त्याच्या व्यासाच्या पाइपच्या तुकड्याने चहूकडून सारखा आत बसवावा. शाफ्टवर जुन्या सीलने खोबण पाडली असेल, तर सील केसभर पुढे-मागे बसवल्यास ओठ ताज्या पृष्ठभागावर टेकतो.

ऑइल बदलल्यानंतर लगेच मोठी गळती सुरू झाली तर सील शोधत बसू नये. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला, असे अनेकदा होते. इंजिन ताबडतोब बंद करून फिल्टर काढून पाहावा. तसेच इंजिन चालू असतानाच गळणारे आणि बंद केल्यावर थांबणारे ऑइल बऱ्याचदा ऑइल प्रेशर स्विचच्या अंगातून येते. त्या स्विचची वायर काढून तिच्यावर ऑइल आले आहे का, एवढे पाहिले तरी निदान होते.

दुरुस्तीनंतर पुन्हा पुठ्ठा ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस एखादा थेंब पडला तरी घाबरू नये, कारण चेसिसच्या आडोशाला साचलेले जुने ऑइल हळूहळू उतरत असते. साधारण 50 किलोमीटरनंतर इंजिन एकदा पुसून घ्यावे, 500 किलोमीटरनंतर गेजवरची पातळी आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी, आणि पुठ्ठा कोरडा असूनही पातळी उतरत असेल तर सायलेन्सरमधून निळा धूर येतो का हे तपासावे, कारण ते ऑइल बाहेर गळत नसून आत जळत असते.