घरकर्ज थकलंय? निदान या चुका टाळा

पोस्टमन बँकेचं पाकीट घेऊन आला की काही मंडळी दारच उघडत नाहीत. वर मला विचारतात, "वकीलसाहेब, नोटीस घेतलीच नाही, मग लागू कशी?" लागू होते. 'घेण्यास नकार' असा शेरा पडला की ती बजावली गेल्यातच जमा. शिवाय बँक ती दारावर चिकटवू शकते, पेपरातही छापू शकते. दार बंद ठेवून एवढंच साधतं, की आत काय लिहिलंय ते शेजाऱ्यांना कळतं आणि तुम्हाला नाही.

बहुतेक वेळा ती सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) ची नोटीस असते. कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देतो तो हा कायदा. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि बँक सगळं कर्ज ६० दिवसांत फेडायला सांगते. हरकत याच मुदतीत घ्यायची, तीही लेखी. व्याज जास्त लावलंय, भरलेले हप्ते जमाच धरलेले नाहीत, जे असेल ते लिहा. हरकत मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात. मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय शाखेतून अशिलाला हलू देत नाही. साहेब जेवायला गेले असतील तर बसून राहायचं.

दुसरी चूक मला जास्त छळते: फोनवरच्या शब्दावर विसंबणं. भोसरीच्या एका कारखान्यातला माणूस काम सुटल्यावर अडकला. वसुलीवाल्याने सांगितलं, "जमेल तसं भरा, बघू आपण." हा दर महिन्याला एक हप्ता भरत गेला, पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपल्या. पण एकदा एनपीए झालेलं खातं सगळी थकबाकी फिटल्याशिवाय नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्टच केलंय. दारावर ताबा नोटीस लागली तरी त्याला वाटलं, 'पैसे तर चालू आहेत.' त्याविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, कलम १७ खाली अर्ज करायला ४५ दिवस असतात, तेही असेच गेले. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर तहसीलदाराची माणसं ताबा घ्यायला येणार म्हटल्यावर पिशवी घेऊन माझ्याकडे आला. बँकेची लेखी संमती काढून, लिलावाची जाहिरात निघायच्या आत त्यानेच गिऱ्हाईक आणलं आणि फ्लॅट विकून कर्ज फेडलं. घर गेलं, पण लिलावापेक्षा चार पैसे हाती राहिले. जाहिरात निघाल्यावर पूर्ण रक्कम घेऊन गेलात तरी सोडवून घ्यायचा हक्क उरत नाही.

नोटीस आल्यावर घाईघाईने घर बायकोच्या नावावर करू नका, भाडेकरूही घुसवू नका. बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते चालत नाही.

दिवाणी कोर्टात धावू नका, कलम ३४ ने ते दार बंद आहे.

"आठवड्यात स्टे आणून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देण्याआधी अर्जाचा नंबर मागा आणि डीआरटीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. झटपट स्टे हवा असणाऱ्यांवरच या लोकांची दुकानं चालतात. डीआरटीतही स्टे मिळताना बरेचदा काही रक्कम भरायला सांगतात, हे ते सांगत नाहीत.

आणि कर्ज सहकारी बँकेचं असेल तर सरफेसी लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच तसा निकाल दिलाय. पतसंस्थेचं प्रकरण वेगळं. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि त्याविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला, जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तेव्हा माझ्याकडे येताना कर्ज नेमकं कोणाचं आहे ते बघून या.