वेबसाइटचं वेगळं ॲप टाकायचं की ब्राउझरच पुरे?

साइट उघडली की वर पट्टी येते: 'आमचं डेस्कटॉप ॲप डाउनलोड करा'. डाउनलोड करण्याआधी एकच गोष्ट तपासा. या साइटला ब्राउझरबाहेरच्या कशाला हात लावावा लागतो का? म्हणजे यूएसबीला लावलेलं डिजिटल सहीचं टोकन, डिस्कवरचं अख्खं फोल्डर, किंवा दुसऱ्या प्रोग्राममध्ये काम करतानाही चालायला हवा असा कीबोर्ड शॉर्टकट. लागत असेल तर ॲप टाका. नसेल तर त्या साइटला स्वतःची खिडकी आणि टास्कबारवरचा आयकॉन ब्राउझरमधूनच देता येतो, आणि बहुतेकांना ॲपकडून हवं असतं ते एवढंच.

स्लॅक, डिस्कॉर्ड, नोशन यांची डेस्कटॉप ॲप्स इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर बांधलेली आहेत. गिटहबने २०१३ मध्ये ॲटम या एडिटरसाठी हा सांगाडा तयार केला. त्यावर बांधलेल्या प्रत्येक ॲपच्या पोटात क्रोमियमची, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या ब्राउझरची, स्वतंत्र प्रत असते. अशी तीन ॲप्स टाकली की तीन ब्राउझर आले, आणि रोजचा चौथा आहेच. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला हे जड जातं. दुसरी अडचण सुरक्षेची. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, पण ॲपच्या पोटातला क्रोमियम ॲप बनवणाऱ्याने बदलला तरच बदलतो. वर्षभर अपडेट न आलेलं ॲप म्हणजे वर्षभर जुना ब्राउझर.

फरक स्वतः मोजा. क्रोममध्ये साइट उघडून शिफ्ट आणि एस्केप दाबा. प्रत्येक टॅबची मेमरी दिसते. मग टॅब बंद करून ॲप चालू करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये त्या ॲपच्या गटाची बेरीज पाहा. संपूर्ण क्रोमची बेरीज ॲपशी ताडू नका. क्रोम तसाही उघडाच असतो, त्याचा मूळ खर्च दोन्हीकडे सारखाच.

आता खिडकी करायची कृती. क्रोममध्ये साइटवर लॉगिन करा, उजवीकडची तीन टिंबं, मग 'कास्ट, सेव्ह अँड शेअर', मग 'इन्स्टॉल पेज ॲज ॲप'. जुन्या आवृत्तीत हेच 'मोअर टूल्स'मधल्या 'क्रिएट शॉर्टकट'खाली सापडेल. तिथे 'ओपन ॲज विंडो'वर खूण करायची, नाहीतर नुसता टॅब उघडणारा शॉर्टकट बनतो. एजमध्ये तीन टिंबांच्या यादीत 'ॲप्स' (काही आवृत्त्यांत 'मोअर टूल्स'च्या आत) आणि त्यात 'इन्स्टॉल धिस साइट ॲज ॲन ॲप'. एज लगेच टास्कबारवर ठेवायचं का, संगणक सुरू होताच उघडायचं का, हेही विचारतं. मॅकवर सोनोमा (२०२३) किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर सफारीत 'फाइल'मधून 'ॲड टू डॉक'. फायरफॉक्सने ही सोय उशिरा दिली, तीही विंडोजवर १४३व्या आवृत्तीपासून.

एकाच साइटची दोन खाती असतील तर आधी क्रोममध्ये दोन प्रोफाइल करा आणि प्रत्येकातून वेगळं इन्स्टॉल करा. ऑफिसचं जीमेल आणि घरचं जीमेल यांची सरमिसळ थांबवायला याहून सोपा उपाय नाही.

यात बिघडतं ते ठरलेलं असतं. क्रोममधली खिडकी ब्राउझरच्याच कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) वापरते, त्यामुळे ब्राउझिंग डेटा पुसला की खिडकीतूनही लॉगआउट होतं. सफारीच्या खिडकीचा डेटा मात्र स्वतंत्र असतो. सफारीत लॉगआउट केलं तरी ती चालू राहते. सामायिक मॅकवर हे ध्यानात ठेवा.

नोटिफिकेशन येत नसतील तर तीन जागा पाहा: साइटला दिलेली परवानगी, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपचं किंवा क्रोमचं बटण, आणि 'डू नॉट डिस्टर्ब'. क्रोम पूर्ण बंद केल्यावरही सूचना हव्या असतील तर सेटिंग्ज, सिस्टिममध्ये क्रोम बंद असतानाही पार्श्वभूमीवर ॲप्स चालू ठेवण्याचा पर्याय सुरू करा.

खिडकी केली म्हणजे इंटरनेटशिवाय चालेल, हा मोठा गैरसमज. ते साइट कशी बांधली आहे यावर ठरतं. जीमेलमध्ये सेटिंग्जच्या 'ऑफलाइन' भागात जाऊन ७, ३० किंवा ९० दिवसांची मेल साठवायला सांगावं लागतं. चाचणी सोपी: वायफाय बंद करा आणि खिडकी उघडून पाहा.

मराठी टायपिंगला इथे वेगळंच वळण लागतं. क्रोममधलं गूगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन क्रोमपुरतंच. इलेक्ट्रॉनच्या ॲपमध्ये गेलात की रोमन अक्षरंच उमटतात. पुष्कळांना वाटतं ॲपला मराठी येत नाही. ॲपचा दोष नसतो. विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, भाषांमध्ये मराठी, तिचे ऑप्शन्स, ॲड अ कीबोर्ड. मग विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला. हा कीबोर्ड ॲप आणि ब्राउझर दोन्हींत चालतो.

ॲप खरंच लागतं ते कुठे? गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर डिस्कवर सतत जुळवून ठेवायचं असेल तिथे. आणि आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे जीएसटी पोर्टलवर डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) टोकनने सही करणं. जीएसटी पोर्टल येण्याआधी इतर साइट्सवर अशा सहीचं काम ब्राउझरमधलं जावा प्लगइन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) करायचं. क्रोमने २०१५ मध्ये तो मार्ग बंद केला. आता एमसाइनर नावाचा छोटा प्रोग्राम संगणकावर चालतो आणि पोर्टलचं पान १२७.०.०.१ या स्थानिक पत्त्यावर त्याच्याशी बोलतं. 'सर्व्हरशी जोडणी झाली नाही' असं आलं तर पोर्टलला दोष देण्याआधी एमसाइनर चालू आहे का ते पाहा. उजव्या क्लिकने 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. तरीही अडलं तर बहुधा दुसऱ्या प्रोग्रामने एमसाइनरचा पोर्ट (संगणकावरचं जोडणीचं क्रमांकित दार) अडवलेला असतो, अँटिव्हायरस रोखत असतो, किंवा ब्राउझरला त्या पत्त्याचं सर्टिफिकेट मान्य नसतं.

नेट बँकिंग टॅबमध्येच ठेवा. काही मिनिटांत लॉगआउट होणाऱ्या साइटला कायमची खिडकी देऊन मिळत काही नाही.

ॲप टाकायचंच ठरलं तर सर्च करून आलेल्या जाहिरातीवरून घेऊ नका. साइटवरच्या डाउनलोड दुव्यावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. उतरवलेल्या फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स': तो भागच नसेल किंवा नाव भलत्याचंच असेल तर फाइल उघडू नका, काढून टाका.

क्रोमची खिडकी काढायची तर तिच्यातली तीन टिंबं आणि 'अनइन्स्टॉल'. त्या वेळी क्रोममधला डेटाही पुसायचा का, अशी चौकट येते. तिच्यावर खूण केलीत तर नेहमीच्या टॅबमध्येही त्या साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागेल.