मे मधलं ऊन अन् गिनीपिगची पिल्लं

आमच्याकडे मे मंदी पारा 45 पर्यंत जाते अन् गिनीपिगनं नेमकी तेव्हाच तीन पिल्लं दिली. पिल्लं जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, दुसऱ्याच दिवशी कोथिंबिरीची काडी कुरतडत होती, पण टिनाखाली माय धापा टाकत पडलेली. मंग पिंजरा मातीच्या खोलीत नेला, जाळीत एकाचा पाय अडकला होता म्हणून खाली जुनी सुती चादर, वर सुकं गवत, अन् बाजूले ओला माठ उपडा ठेवला, आता ती त्यालेच टेकून बसते. नर लगेच वेगळा काढा बरं, बाळंतपणानंतर काही तासांतच मादी परत गाभण राहू शकते. यांच्या अंगात व्हिटॅमिन सी बनत नाही, म्हणून मायले रोज शिमला मिरची देतो.